मुणग्यावरून, पंधराशे फुटांवर

कोल्हापुरातून निघालो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं.
तीन सेसना, पाच माणसं,
आणि इंधनाची वाटणी सर्फराजच्या वहीत,
तेलकट अंगठ्याच्या ठशासकट.
त्याची उद्यमनगरात फाउंड्री आहे;
तो पंख्यावरून हात फिरवतो
ते ओतकामातली चीर शोधल्यासारखा.
शेजारी त्याचा भाचा, जो ओकणार आहे
हे भाचा सोडून सगळ्यांना माहीत.
डॉक्टर हेरवाडकर आठवडाभर दात काढतात,
रविवारी दुसऱ्या विमानात एकट्या.
आणि माझ्याजवळ खर्डेकर काका:
चाळीस वर्षं कापसावर औषध फवारलं,
विजेच्या तारांखालून विमान काढलं,
गेल्या मार्गशीर्षात एका डॉक्टरने एक सही केली नाही.
"आता मी सामान," म्हणतात,
"बहात्तर किलो, पट्टा बांधलेलं."

गगनबावड्याला जमीन संपते.
उंचीचा काटा जागचा हलत नाही,
पण पायाखालून दोन हजार फूट
कुणीतरी काढून घेतं.
कड्यावर आपटून वारा वर येतो,
विमान ओट्यावरून घसरलेल्या पातेल्यासारखं वाजतं.
रेडिओवर सर्फराज: दात सांभाळा, मॅडम.
बऱ्याच वेळाने मॅडम:
तुमचे सांभाळा. दर माहीत आहेत ना?

खाली आंब्याच्या बागा,
वरून गंजल्यासारख्या तांबूस. तो मोहर.
चिऱ्याच्या खाणी चौकोनी,
सुरीने वड्या पाडून कुणी नेल्यासारख्या.
विजयदुर्गापाशी डावीकडे वळायचं
आणि समुद्र उजव्या हाताला ठेवायचा,
एवढंच.
देवगडच्या पवनचक्क्या आमच्याकडे बघत नाहीत.
कुणकेश्वराला लाटा फुटतात, आवाज नाही.

मुणगे मला ओळखता येईना.
अकरा मे महिने काढले मी त्या गावात,
पायवाटेवरची मुळं अजून तळव्यांना पाठ आहेत,
पण तळव्यांना वरून काय कळणार?
घर शोधायला शाळा शोधली,
शाळा शोधायला विहीर,
आणि सगळीकडे कौलांच्या जागी निळे पत्रे.
आत्याला सांगून ठेवलं होतं: आठ वाजता खळ्यात ये.

"नऊच्या दिशेला," काका म्हणाले. "चादर."
एक पांढरा ठिपका
उघडत होता, मिटत होता.
"पंख हलव."
मी म्हटलं, तुम्हीच हलवा.

त्यांनी दोन बोटं टेकवली. फक्त दोन.
विमान डावीकडे झुकलं, उजवीकडे झुकलं,
शहाण्या बैलाने मान हलवावी तसं.
मग बोटं काढायची राहून गेली.
आचऱ्याच्या खाडीपर्यंत
मी खिडकीबाहेर बघत होतो,
काहीतरी हरवल्यासारखा.

चिपीची धावपट्टी आमच्यासाठी फारच लांब.
पहारेकऱ्याने विचारलं, "एवढीशीच?"
भाचा कुंपणापाशी पाठमोरा उभा.
चहा येईतो फोन लावला.
खयच्या इमानात होतंस रे? आत्या म्हणाली.
खयचा तुझा, ता माका काय ठावक?
म्हणान तिनांकय हात दाखवलंय.

डॉक्टर हेरवाडकरांनी कप खाली ठेवला.
"मीही पंख हलवले," त्या म्हणाल्या,
"मला वाटलं, कुणीतरी मलाच."
सर्फराज काही बोलला नाही,
वही काढून हिशेब करत बसला,
म्हणजे त्यानेही हलवले.

अकराला आत्याचा नातू स्कूटरवरून पिशवी घेऊन आला.
आमसुलं, कुळथाचं पीठ, वजन साडेचार किलो.
परतीच्या कागदावर काकांनी
स्वतःच्या बहात्तरखाली ते नीट मांडलं,
बेरीज केली, पुन्हा केली.
आणि घाट चढून जाईपर्यंत
पिशवी मांडीवर घेऊन बसले,
दोन्ही हात तिच्यावर,
समोरच्या काट्यांकडे न बघता.
वारा पुन्हा खालून आपटला,
तेव्हा दोन बोटं तेवढी
पिशवीच्या गाठीवर किंचित झुकली,
डावीकडे.